झेलाचें मोल

आमचे एक स्नेही २०२४ सालचा दसरा व दिवाळी अमेरिकेंत, मिनिआपोलिस येथें, चिरंजीवाकडे करून परत आले. गांठ पडली तेव्हां तेथील थंडीचें किंवा दुकानांचें वर्णन बाजूस ठेवून त्यांनीं आम्हांस एकच प्रश्न केला. "अहो, फेकलेला चेंडू झेलावा एवढेंच ज्याचें काम, अशा एका पंचविशीच्या पोरास तेथें वर्षाला साडेतीन कोटी डॉलर देतात! आणि आमच्या घरांतलीं सगळीं, सूनबाईसुद्धां, म्हणतात कीं हा सौदा रास्तच आहे. तुम्ही जमाखर्च जाणणारे. हें कोणत्या खात्यांत बसतें तें सांगा." त्या तरुणाचें नांव जस्टिन जेफर्सन. मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाचा तो खेळाडू.

आम्हीं त्या वेळीं "मागणी तसा भाव" असें कांहींतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनांतून जाईना. पुढें कित्येक रात्री आम्हीं या खेळाचे आकडे, करारांच्या बातम्या व जुन्या सामन्यांचीं चित्रें पाहण्यांत घालविल्या, आणि ध्यानांत आलें, कीं प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. पगार जास्त कीं कमी हा वाद मागाहूनचा. ज्या माणसाचें सारें काम दुसऱ्याच्या हातावर अवलंबून आहे, त्याचें स्वतःचें काम किती, हें आधीं ठरवावयाचें कसें, ही खरी अडचण आहे.

अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात त्या खेळांत पायापेक्षां हातांचें काम अधिक. शंभर यार्डांचें मैदान, प्रत्येक बाजूस अकरा गडी. (यार्ड म्हणजे आपला कापड मोजावयाचा वार.) चेंडू ज्यांच्या ताब्यांत असेल त्यांनीं चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें, सरकले तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न सरकले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. असें सरकत सरकत शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला म्हणजे टचडाउन होऊन सहा गुण पदरांत पडतात. चेंडू पुढें नेण्याच्या वाटा दोन. एक, तो काखेंत धरून माणसांच्या गर्दींतून धांवत सुटणें. दुसरी, तो लांब फेकून आपल्याच गड्याकडून झेलविणें. फेकणाऱ्यास क्वार्टरबॅक म्हणतात. मैदानाच्या कडेला उभा राहून, डाव सुरू होतांच धांवत जाऊन झेलणारा तो वाइड रिसीव्हर.

नुसत्या वर्णनानें हें काम पोरखेळ वाटतें. पण रिसीव्हर मनास येईल तिकडे धांवत नाहीं. प्रत्येक डावांत त्याची वाट पावलांच्या हिशेबानें आंखून दिलेली असते: अमुक यार्ड सरळ, मग एकदम आंत, किंवा बाहेर, किंवा थबकून मागें. क्वार्टरबॅक पुष्कळदां चेंडू फेकतो तो रिसीव्हरनें वळून पाहण्यापूर्वींच. ज्या जागीं तो अजून पोंचलेला नाहीं त्या जागेवर. मध्यंतरीं प्रतिपक्षाचा रखवालदार त्याच्या अंगास अंग लावून धांवत असतो, आणि झेल घेतल्या क्षणीं दुसरा एखादा धिप्पाड गडी त्याच्या बरगड्यांवर येऊन आदळतो. एका सामन्यांत एका संघाचे साठ-पासष्ट डाव होतात. २०२२ सालीं जेफर्सनच्या दिशेनें १७ सामन्यांत १८४ वेळां चेंडू फेकला गेला, म्हणजे सामन्यागणिक अकराहूनही कमी. आणि हा तर संघाचा सर्वांत लाडका रिसीव्हर. उरलेल्या डावांत तो नुसता धांवतो, अथवा चेंडू घेऊन पळणाऱ्या सोबत्यासाठीं कोणास तरी अडवून धरतो. वृत्तपत्रांच्या कोष्टकांत या श्रमांस जागा नाहीं.

त्या कोष्टकांत रिसीव्हरची योग्यता तीन आकड्यांनीं सांगतात: झेल किती, यार्ड किती, टचडाउन किती. हे आकडे खोटे नव्हेत. पण ते त्या एकट्याचे नव्हेत. फेकणाऱ्याचा हात, त्या फेकणाऱ्यास संरक्षण देणाऱ्या पांच दांडग्या गड्यांची छाती, प्रशिक्षकानें योजिलेली चाल, इतकेंच काय पण संघ जिंकत आहे कीं हरत आहे, हें सगळें त्यांत कालविलेलें असतें. मागें पडलेला संघ घाईनें चेंडू फेकीत सुटतो, त्यामुळें वाईट संघांतील रिसीव्हरचेही आकडे कधीं कधीं चांगले फुगतात. तबलजीची परीक्षा करावयाची तर गवई लागतोच; आणि गवईच लयीला कच्चा असला तर तबलजीचें कसब बैठकीस कळणार कसें?

हल्लीं यावर उपाय म्हणून यंत्रांचें साहाय्य घेतात. खेळाडूंच्या खांद्यांवरील गाद्यांत लहानशीं यंत्रें बसविलेलीं असतात, व चेंडू येऊन पोंचला त्या क्षणीं जवळचा रखवालदार किती अंतरावर होता हें त्यांवरून कळतें. आणखी एक माप आम्हांस अधिक पटलें. संघानें चेंडू फेकण्याचा बेत केला असतां रिसीव्हर जितक्या वेळां आपली वाट धांवला, तितक्यांनीं त्याच्या एकूण यार्डांस भागावयाचें. यांत चेंडू न आलेल्या धांवांचाही हिशेब लागतो. तरीसुद्धां आमच्या मतें सर्वांत भरंवशाचा साक्षीदार यंत्र नव्हे, तर प्रतिपक्ष. ज्या रिसीव्हरवर दोन दोन माणसें नेमावीं असें शत्रूस वाटतें, त्याच्यामुळें मैदानांत दुसरीकडे कोठेंतरी एक माणूस कमी पडतो. शत्रू स्तुति करण्यासाठीं माणसें खर्चीं घालीत नाहीं.

जेफर्सनच्या कथेंत असा एक प्रसंग आहे, कीं त्यामुळें हा मोलभाव प्रत्यक्ष तागडींत घालून पाहावयास मिळतो. मार्च २०२० मध्यें व्हायकिंग्जनें आपला नाणावलेला रिसीव्हर स्टीफन डिग्ज हा बफलो बिल्स या संघास दिला, व मोबदल्यांत नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडींतील कांहीं क्रमांक घेतले. त्यांत मुख्य होता तो बाविसावा. (महाविद्यालयांतून येणाऱ्या तरुणांस लीगचे ३२ संघ दरसाल पाळीपाळीनें निवडतात, त्यास ड्राफ्ट म्हणतात.) त्या क्रमांकावर त्यांनीं लुइझियाना राज्यांतील सेंट रोझ गांवचा वीस वर्षांचा जेफर्सन उचलला. त्याच्यापूर्वीं त्या दिवशीं चार रिसीव्हर निवडले गेले होते. अगदीं लगतच्या एकविसाव्या क्रमांकावर फिलाडेल्फियानें जेलन रेगर यास पसंत केलें. हाच रेगर दोन वर्षांनीं किरकोळ मोबदल्यांत मिनेसोटाच्याच दाराशीं येऊन उभा राहिला. मोठमोठे पगार घेणारे पारखी महिनोन् महिने उंची, वजन व धांवण्याचा वेग मोजून जी पारख करतात, तिची ही हकीगत!

डिग्जनें बफलोस जातांच २०२० सालीं १२७ झेल व १५३५ यार्ड मिळवून दोन्ही बाबतींत लीगमध्यें पहिला क्रमांक पटकावला. जेफर्सननें त्याच वर्षीं ८८ झेल व १४०० यार्ड मिळविले. सौद्याचे दोन्ही धनी खुशींत, असें क्वचितच घडतें. फरक एवढाच होता, कीं जेफर्सन स्वस्त होता.

हा स्वस्तपणा बाजारानें ठरविलेला नव्हता. खेळाडूंची संघटना व संघांचे मालक यांच्यांत २०११ सालीं झालेल्या करारानें नवागतांचें वेतन निवडीच्या क्रमांकावरूनच ठरून जातें. बाविसाव्या क्रमांकाच्या जेफर्सनला चार वर्षांचे मिळून सुमारें १ कोटी ३१ लाख डॉलर मिळावयाचे होते. आणि तीन हंगाम पुरे झाल्यावांचून त्या कागदास हात लावण्याची मुभा नाहीं. दुसऱ्या हंगामांत त्यानें १०८ झेल व १६१६ यार्ड मिळविले, तिसऱ्यांत १२८ झेल व १८०९ यार्ड. हे शेवटचे दोन्ही आकडे त्या वर्षीं लीगमध्यें सर्वांत मोठे होते. पहिल्या तीन हंगामांची बेरीज ४८२५ यार्ड होते, आणि कारकीर्दीच्या पहिल्या तीन वर्षांत इतके यार्ड त्यापूर्वीं कोणीही मिळविले नव्हते. आमच्या स्नेह्यांस साडेतीन कोटींचें नवल वाटलें. या तीन वर्षांत संघानें सोन्याचें काम पितळेच्या भावानें करून घेतलें याचें मात्र त्यांस कोणीं नवल सांगितलें नाहीं.

त्या तिसऱ्या हंगामांतील एक झेल आम्हीं दहा-बारा वेळां तरी पाहिला असेल. १३ नोव्हेंबर २०२२ रोजीं व्हायकिंग्ज बफलोस खेळावयास गेले होते. समोरच्या संघांत तोच डिग्ज. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता, मिनेसोटा २३ विरुद्ध २७ असा मागें होता, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि सरकावयाचे होते १८ यार्ड. क्वार्टरबॅक कर्क कझिन्स यानें चेंडू उंच भिरकावून दिला. बफलोच्या रखवालदाराचे दोन्ही हात चेंडूवर पडले होते. जेफर्सन पाठमोरा हवेंत होता. त्यानें एकच हात मागें लांबविला, चेंडू त्या दोन हातांतून ओढून घेतला व तसाच पाठीवर आदळला. ३२ यार्ड मिळाले. पुढें जादा वेळांत व्हायकिंग्ज ३३-३० असे जिंकले. त्या दिवशीं जेफर्सनचे १९३ यार्ड झाले, डिग्जचे १२८.

हा झेल कोष्टकांत लिहितांना त्याचें वर्णन "१ झेल, ३२ यार्ड" एवढेंच होतें. मोकळ्या मैदानांत, कोणी आसपास नसतांना, छातीवर आलेला चेंडू धरून ३२ यार्ड गेलेल्या गड्याचीही नोंद अक्षरशः तीच. फेक कशी होती म्हणाल, तर ती वाईटच होती. ती चांगली ठरली झेलणाऱ्यामुळें. अशा क्षणीं फेकणाऱ्याचें ऋण झेलणाऱ्यावर नसून उलट असतें, आणि रिसीव्हरचा स्वतःचा वांटा किती या प्रश्नाचा एक तुकडा तरी निर्विवाद हातीं लागतो.

आतां पैशाकडे वळूं. २०२३ च्या उन्हाळ्यांत तीन वर्षांची अट संपली होती. संघ व जेफर्सन यांच्यांत बोलणीं झालीं, पण सप्टेंबरांत हंगाम सुरू होईपर्यंत तीं जमलीं नाहींत. संघाच्या हातीं दोर भक्कम होते. जुन्या कराराचें चौथें वर्ष बाकी होतें. नियमाप्रमाणें पांचवें वर्षही संघानें आपल्या इच्छेनें बांधून ठेविलें होतें, त्याबद्दल सुमारें १ कोटी ९७ लाख डॉलर द्यावयाचे. आणि त्याहीपुढें एखाद्या खेळाडूस ठराविक रकमेवर आणखी एक वर्ष अडकवून ठेवण्याचा हक्क, ज्यास फ्रँचायझी टॅग म्हणतात, तो शिल्लकच होता. जेफर्सनपुढें वाटा दोन होत्या: रुसून घरीं बसावें, किंवा जुन्या पगारावर खेळावें. तो खेळला.

८ ऑक्टोबर रोजीं कॅन्सस सिटीविरुद्ध खेळतांना त्याच्या मांडीच्या मागचा स्नायू दुखावला, आणि सात सामने तो बाहेर बसला. १० डिसेंबर रोजीं लास व्हेगास येथें तो परत मैदानांत उतरला. दुसऱ्याच सत्रांत उंचावरचा चेंडू घेतांना छातीस असा मार बसला कीं त्यास रुग्णालयांत न्यावें लागलें. (तो सामना व्हायकिंग्जनीं ३-० असा जिंकला. या खेळांत इतका क्षुल्लक गुणफलक फारच विरळा.) सहा दिवसांनीं तो पुन्हां खेळत होता. ज्याच्या हातीं पुढच्या दोन वर्षांपलीकडची एक कवडीचीही हमी नाहीं, अशा माणसाचें शरीर तेथें पणास लागलेलें होतें. वाचकांनीं मनांत आणून पाहावें, छातीवरचा तो आघात चार बोटें वर, मानेवर बसता तर?

ही नुसती कल्पना नव्हे. ग्रीन बे पॅकर्सचा स्टर्लिंग शार्प हा १९९२ सालीं झेल, यार्ड व टचडाउन या तिन्हींत लीगमध्यें पहिला आला होता. १९९४ सालीं त्यानें १८ टचडाउन केले, आणि त्याच हंगामाच्या शेवटीं मानेच्या दुखापतीनें त्याचा खेळ कायमचा संपला. सात हंगाम, वय एकोणतीस. सन्मानमंदिरांत त्याचें नांव लागावयास २०२५ साल उजाडलें.

जेफर्सनचें दैव बलवत्तर. त्या हंगामांत अवघ्या १० सामन्यांत, चार निरनिराळ्या क्वार्टरबॅकांशीं जुळवून घेऊन, त्यानें १०७४ यार्ड मिळविले. एकूण आकडा घसरला म्हणून कांहींनीं मान हलविली. पण भागाकार करून पाहिला तर सामन्यागणिक १०७ यार्ड पडतात, आणि लीगमध्यें पहिला आला त्या वर्षीं पडले होते १०६. ज्या दोन सामन्यांतून तो अर्ध्यावर उठला तेही यांत धरलेले आहेत. आमच्या दृष्टीनें त्याची खरी योग्यता १८०९ च्या वर्षीं नव्हे, या मोडक्या-तोडक्या वर्षीं सिद्ध झाली. फेकणारे बदलले, कझिन्स टांचेची शीर तुटून घरीं बसला, आणि तरी हिशेब तोच निघाला.

३ जून २०२४ रोजीं करार झाला: चार वर्षें, १४ कोटी डॉलर. क्वार्टरबॅक सोडून इतर कोणाही खेळाडूस तोंवर इतका वार्षिक मोबदला मिळालेला नव्हता. पण अशा कराराचा मथळा वाचून थांबूं नये. मथळ्यांतली रक्कम ही लग्नपत्रिकेवरील नांवांसारखी असते. खरा व्यवहार याद्यांत. येथें पाहावयाचें तें हमीकडे. या लीगमध्यें संघ करार मध्येंच मोडून खेळाडूस निरोप देऊं शकतो, व हमी नसलेली बाकी तेथेंच बुडते. जेफर्सनच्या १४ कोटींपैकीं ११ कोटींची हमी होती, आणि त्यांतील सुमारें ८ कोटी ८७ लाख तर सही होतांच पक्के झाले. दुसरें उदाहरण म्हणजे टायरीक हिल. २०२२ सालीं मायामीनें त्यास चार वर्षांचे १२ कोटी दिल्याचा गाजावाजा झाला. परंतु त्यांतला मोठा भाग शेवटच्या एका वर्षावर फुगवून ठेविलेला होता, आणि तें वर्ष लिहिल्याप्रमाणें उजाडेल असें सही करणाऱ्यांसही वाटत नव्हतें. वर्षाला तीन कोटी हा आकडा बहुतांशीं शोभेचा.

संघाच्या बाजूनेंही जमाखर्च समजून घेतला पाहिजे, नाहींतर मालक मंडळी केवळ उधळी आहेत असा ग्रह होईल. १९९४ पासून या लीगमध्यें प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे. आरंभीं ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२४ सालीं २५ कोटी ५४ लाखांवर गेली. या रकमेंत ५३ जणांचा संसार चालवावयाचा. साडेतीन कोटी म्हणजे त्यांतले जवळजवळ चौदा टक्के. म्हणजे जेफर्सनला दिलेला डॉलर मालकाच्या तिजोरींतून जातो खरा, पण तो मोजला जातो सोबत्यांच्या ताटांतून. श्रीमंत शहराचा संघ व लहान शहराचा संघ दोघांचीही मर्यादा एकच, तेव्हां "त्यांस काय कमी आहे" हा युक्तिवाद येथें चालत नाहीं. हिशेबनिसांनीं एक पळवाट तेवढी ठेविली आहे. सही करतांना दिलेली उचल रोख एकदम देतात, पण खर्चीं टाकतांना ती पांच वर्षांपर्यंत समान वांटून टाकतां येते. आज दिवाळी करावी व फराळाचें सामान पुढल्या पांच दिवाळ्यांच्या खात्यांवर मांडावें, तसला हा प्रकार. मध्येंच खेळाडू गेला तर न मांडलेला सारा बोजा एकदम अंगावर येतो. तो मग मैदानावर नसतो, पण खातेवहींत बसून राहतो.

असा बोजा कसा चिरडतो हें न्यू ऑर्लिन्सला विचारावें. मायकेल थॉमस यास त्यांनीं २०१९ च्या उन्हाळ्यांत पांच वर्षांचा, कमाल १० कोटींचा करार दिला. त्याच हंगामांत त्यानें १४९ झेल घेऊन एका हंगामांतील सर्वाधिक झेलांचा विक्रम केला. सौदा याहून चांगला कोणता? पुढच्या वर्षीं घोटा दुखावला. २०२१ सालीं तो एकही सामना खेळला नाहीं, त्याच्या पुढल्या वर्षीं तीन, आणि मार्च २०२४ मध्यें संघानें त्यास मोकळें केलें. चूक कोणाची? आमच्या मतें कोणाचीच नाहीं. घोट्याची पारख अजून कोणास साधलेली नाहीं.

दुसरीकडे असें म्हणणारेही आहेत, कीं रिसीव्हरवर इतका पैसा घालूंच नये, आणि त्यांच्या हातीं पुरावा आहे. कॅन्सस सिटीनें २०२२ सालीं वर उल्लेखिलेला हिल हा मायामीस देऊन निवडीचे पांच क्रमांक घेतले, व तो गेल्यावर लागोपाठ दोन वर्षें, फेब्रुवारी २०२३ व फेब्रुवारी २०२४ मध्यें, अजिंक्यपद जिंकलें. हिलनेंही मायामींत दोन्ही वर्षें १७०० यार्डांची मजल ओलांडली, पण त्या संघास त्या दोन वर्षांत अंतिम सामना दिसलाही नाहीं. पुरावा वजनदार आहे. आम्हांस तो पुरता पटत मात्र नाहीं. कॅन्सस सिटीकडे पॅट्रिक महोम्स फेकावयास होता. ज्याच्या घरीं अन्नपूर्णा आहे त्यानें भाजी साधी आणली तरी चालतें. शेजाऱ्यानें त्यावरून भाजीच्या दराबद्दल सिद्धांत काढूं नये.

मिनेसोटानें नेमकी उलट वाट धरली. २०२४ च्या वसंतांत कझिन्सला अटलांटानें चार वर्षांचे १८ कोटी देऊं केले, तेव्हां व्हायकिंग्जनीं त्यास जाऊं दिलें. सॅम डार्नोल्ड या, दोन-तीन संघांतून निराश होऊन आलेल्या क्वार्टरबॅकास एका वर्षापुरते १ कोटी देऊन उभें केलें, आणि झेलणाऱ्यावर पैसा घातला. आमचे स्नेही तेथें होते तें हेंच वर्ष. डार्नोल्डच्या हातून ३५ टचडाउन फेकले गेले, जेफर्सननें १५३३ यार्ड मिळविले, संघानें १७ पैकीं १४ सामने जिंकले. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यांत मात्र तो गारद झाला. मिनिआपोलिसांत सूनबाईंस सौदा रास्त कां वाटला हें यावरून समजतें. पडेल फेकणाऱ्यासही उभें करतो तो झेलणारा, असा अर्थ त्या घरानें काढला, आणि त्या वर्षापुरता तो चुकीचा म्हणतां येत नव्हता.

परंतु हिशेब एका वर्षावर बंद करतां येत नाहीं. मार्च २०२५ मध्यें डार्नोल्ड तीन वर्षांच्या, सुमारें १० कोटींच्या करारावर सिअॅटलला गेला. मिनेसोटानें जे. जे. मॅकार्थी या नव्या मुलाच्या हातीं चेंडू दिला. २०२५ च्या हंगामांत जेफर्सननें हजार यार्डांची रेषा ओलांडली खरी, पण पहिल्या पांचांपैकीं कोणत्याही हंगामांत त्याचे यार्ड इतके कमी झाले नव्हते. दुखापतीच्या त्या दहा सामन्यांच्या वर्षींसुद्धां नाहीं. आणि सिअॅटलमध्यें त्याच डार्नोल्डच्या फेकींवर जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा हा रिसीव्हर यार्डांत साऱ्या लीगमध्यें पहिला आला, व तो संघ अजिंक्य ठरला.

मग जेफर्सनचें मोल उतरलें काय? आम्ही तसें मानीत नाहीं. प्रतिपक्ष त्याच्यावर पूर्वींइतकेच लोक नेमीत होते. चेंडू वेळेवर येत नव्हता एवढेंच. पण १४ कोटींचा करार लिहितांना संघानें ज्या गोष्टीची किंमत दिली ती नुसती त्याच्या हातांची नव्हती, त्याच्या हातांपर्यंत चेंडू पोंचेल या आशेचीही होती, आणि ती आशा पुरवणें जेफर्सनच्या करारांत कोठेंही त्याच्याकडे सोपविलेलें नाहीं. आमचा निर्णय विचाराल तर असा: सौदा रास्त होता, पण तो एक वर्ष आधीं व्हावयास हवा होता. २०२३ सालीं, लास व्हेगासच्या त्या दुपारीं, जोखीम सर्वस्वीं खेळाडूची व फायदा सर्वस्वीं संघाचा होता. जून २०२४ मध्यें ती तागडी समतोल झाली, आणि फेकणारा गमावून संघानें ती पुन्हां आपल्याच विरुद्ध झुकविली. बाजारही थांबलेला नाहीं. जेफर्सनचा महाविद्यालयांतील सोबती जामार चेस यास सिनसिनाटीनें मार्च २०२५ मध्यें चार वर्षांचे १६ कोटी १० लाख दिले, त्या वर्षीं वेतनमर्यादाही २७ कोटी ९२ लाखांवर गेली होती, आणि साडेतीन कोटींचा उच्चांक नऊ महिन्यांत मागें पडला.

हा सारा जमाखर्च आम्हीं परवां स्नेह्यांस वाचून दाखविला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतला, दोन ठिकाणीं आकडे पुन्हां वाचावयास लावले, आणि म्हणाले, "बरें, झेलणाऱ्याचें समजलें. पण मग एवढा फेकणारा त्यांनीं एका वर्षांत हातचा कां घालविला, तें सांगा." आम्हीं चष्मा काढून पुसावयास घेतला. इतक्यांत आंतून चहा आला.